लाल पट्टी

मामाच्या पत्र्याच्या ट्रंकेत अगदी तळाला एक लाल कापडी पट्टी असायची. हातभर लांब, चार बोटं रुंद, विटून विटकरी झालेली. एका टोकाला जाड कॅनव्हासची निमुळती खोळ शिवलेली. दिवाळीआधी ट्रंक अंगणात उन्हाला ठेवली की आम्ही भाचरं आधी त्या पट्टीवर झडप घालायचो. थोरला म्हणायचा, बेंदराला बैलाच्या शिंगाला बांधतात ती ही. माझं मत वेगळं होतं. 'लालफीत' हा शब्द मला नुकताच वर्तमानपत्रात भेटला होता. मामा सरकारी नोकरीतून आलेला, तेव्हा सरकारनं निरोप देताना त्याला त्यातलीच एक फीत दिली असणार.

हे ऐकून मामा पोट धरून हसला. "कचेरीत लाल फीत बांधली की काम थांबतं," तो म्हणाला. "आमच्यात ही काढायची राहिली की माणूस जातो."

मग त्यानं अंगणातल्या मातीवर काडीनं विमान काढलं. नाकासमोर भाल्यासारखी लांब नळी. विमान उडताना समोरून हवा या नळीत घुसते, तिच्या दाबावरून वेग किती ते पायलटला समोरच्या काट्यावर कळतं. विमान जमिनीवर उभं असताना नळीत धूळ जाऊ नये, कुंभारमाशीनं घर करू नये, म्हणून तिच्यावर खोळ चढवायची. ती विसरू नये म्हणून लांबून दिसेल अशी लाल पट्टी. उड्डाणाआधी खोळ काढायची, चाकांच्या पायातल्या पिना काढायच्या, पायलटला वर करून दाखवायच्या. त्यानं मान हलवली की विमान त्याचं. खोळ आणि पिना आपल्यापाशी, तो परत येईपर्यंत.

"मग ही कुठल्या विमानाची?" मी विचारलं.

"विमानाची," मामा म्हणाला आणि ट्रंक बंद केली.

आमचं आजोळ कऱ्हाडच्या अलीकडे, कृष्णाकाठचं. गावात पलटणीत जाणं नवं नव्हतं. घरटी एखादा तरी मराठा लाइट इन्फंट्रीत असायचाच. पण मामा १९६४ साली भरती झाला तो हवाई दलात. चीनच्या लढाईनंतर सगळीच दलं वाढत होती, मॅट्रिक झालेल्या पोरांना मागणी होती. मद्रासजवळ तांबरमला त्यानं धंदा शिकून घेतला. एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाच्या सांगाड्याचा कारागीर. इंजिन दुसऱ्याचं, वायरिंग तिसऱ्याचं. पंख, चाकं, ब्रेक, पत्रा हे मामाचं. आजी मात्र गावभर सांगायची, "माझं पोरगं इमानात हाय." सुट्टीवर आलेला मामा तिला सांगून थकला, "अगं आये, मी इमान पुसतो." आजीला ते पटलं नाही. ज्याला हात लावता येतो ते आपलंच, एवढं तिचं साधं गणित होतं.

आणि गंमत म्हणजे मामाचंही मनातून तेच म्हणणं होतं. तो पंजाबातल्या एका तळावर सुखोई-७ च्या स्क्वाड्रनमध्ये होता. १९६८ पासून ही रशियन विमानं आपल्याकडे यायला लागली. मामा त्यांच्याबद्दल बोलायचा ते एखाद्या दणकट, खादाड, पण इमानी म्हशीबद्दल बोलावं तसं. एकच इंजिन, पण आफ्टरबर्नर लावला की तेल असं प्यायचं की दूरवर जायची सोय नाही. पोटाखाली जादा टाक्या लावाव्या तर तेवढे बाँब कमी. उतरताना वेग इतका, की थांबवायला शेपटातून पॅराशूट सोडावं लागे. ते धावपट्टीच्या टोकावरून उचलून आणायचं, झटकायचं, सुकवायचं, नीट घडी घालून परत भरायचं. दर फेरीला. "पण मार खायला बहाद्दर," मामा म्हणायचा. "पत्र्याला भोकं पडलेली, आणि गडी घरी आलेला. असं आम्ही डोळ्यांनी पाहिलंय."

मामाच्या गोष्टी रात्री जेवणं झाल्यावर ओट्यावर व्हायच्या. वीज तशीही गेलेलीच असायची. आजी भिंतीला टेकून वाती वळत बसलेली, आम्ही वाकळेवर आडवे. आणि मामाला फर्माईश व्हायची ती एकाच गोष्टीची, पारुळकरांच्या गोष्टीची.

फ्लाइट लेफ्टनंट दिलीप कमलाकर पारुळकर. मामा त्यांच्या स्क्वाड्रनचा नव्हे. त्यांचा दोघांचा धागा एवढाच की पारुळकरही सुखोई-७ चे पायलट आणि मराठी माणूस. बराकीत बातमी फिरते तशी ही गोष्ट मामापर्यंत १९७३ च्या सुमारास पोचली होती आणि पोचेपर्यंत तिला बरीच पिसं फुटली होती. मामानं त्यात स्वतःची दोन-चार घातली असतील. पण आता सगळं पडताळून पाहिल्यावर नवल वाटतं ते याचं, की खरी गोष्ट मामाच्या गोष्टीपेक्षा तसूभरही कमी नव्हती.

सुरुवात तो १९६५ पासून करायचा. पारुळकर तेव्हा नवे, १९६३ साली कमिशन मिळालेले. चढाईत त्यांच्या हंटर विमानाला जमिनीवरून मारा बसला, उजवा हात जखमी झाला. बरोबरच्या लीडरचं म्हणणं, विमान सोड, पॅराशूटनं उडी मार. यांनी तसंच, जखमी हातानं, विमान तळावर आणून उतरवलं. त्याबद्दल वायुसेना पदक मिळालं. मामाला पदकाचं विशेष नव्हतं. "विमान परत आणलं," हे तो दोनदा म्हणायचा. कुणाच्या तरी फिटरच्या हातातली खोळ त्या दिवशी परत नळीवर चढली, हा त्यातला मामाचा आनंद.

आणि मग १९७१. पारुळकर २६ नंबरच्या स्क्वाड्रनमध्ये, आदमपूरला. लढाई लागण्याआधीच त्यांनी सांगून ठेवलं होतं म्हणे, की मी शत्रूच्या हाती सापडलो तर पळून येणार. तसं पुष्कळ जण बोलतात. ३ डिसेंबरला तिन्हीसांजेला पाकिस्तानी विमानांनी आपल्या तळांवर हल्ले केले आणि युद्ध सुरू झालं. त्यानंतर सुखोईवाल्यांना उसंत नव्हती. त्या लढाईत सुखोई-७ च्या सहा स्क्वाड्रन होत्या. चौदा दिवसांत त्यांनी सुमारे दीड हजार चढाया केल्या आणि चौदा विमानं गमावली. १० डिसेंबरला पारुळकरांचं विमान पडलं. ते पॅराशूटनं उतरले आणि पकडले गेले.

इथे आजीची वाती वळणारी बोटं थांबायची. "आयला कळवलं का रं त्याच्या?"

"कळवतात," मामा म्हणायचा, आणि घाईघाईनं रावळपिंडीला जायचा.

रावळपिंडीच्या छावणीत आपले दहा-बारा वैमानिक होते. आधी सगळे एकेकट्या कोठडीत. नाताळच्या दिवशी त्यांना पहिल्यांदा एकत्र आणलं. छावणीचे प्रमुख स्क्वाड्रन लीडर उस्मान हमीद यांनी त्या दिवशी केक आणला होता. शत्रूनं केक आणला, हे आम्हा पोरांना अजिबात मान्य नसायचं. मामा म्हणायचा, "तोही पायलटांतलाच माणूस. त्याला ठाऊक, आज हे आत आहेत, उद्या आपण असू." कैद्यांमध्ये सर्वांत वरचे विंग कमांडर कोएलो. शिवाय जाफा, भार्गव, कुरुविला, पेठिया, मुल्ला-फिरोज आणि आपल्याकडची नावं वाटावीत असे कामत आणि चाटी. मामा ही नावं वारीतल्या दिंड्यांसारखी ओळीनं म्हणायचा.

युद्ध संपलं, महिने गेले, सिमल्याला जुलै १९७२ मध्ये करार झाला, तरी सुटकेचं नाव नाही. पूर्वेकडे पाकिस्तानचे त्र्याण्णव हजार कैदी आपल्या ताब्यात. त्या मोठ्या तिढ्यात हे मूठभर अडकलेले. पारुळकरांनी बोललं ते करायला घेतलं. भिंतीचा गिलावा खरवडायचा, विटांच्या सांध्यातला चुना कोरायचा. पलीकडे पाकिस्तानी हवाई दलाचंच भरती कार्यालय! निघालेला राडारोडा रेडक्रॉसच्या पार्सलांच्या खोक्यांत लपवायचा. रोज थोडं थोडं, पहारेकऱ्याच्या पावलांवर कान ठेवून.

आजीचा लाडका भाग पुढचा होता. ती बायकांची पोलकी, परकर शिवायची, त्यामुळे या भागात तिला मत होतं. पळणाऱ्यांनी पठाणी सूट शिवून घेतले. त्यांना होकायंत्र हवं होतं. ते पायांनी जायबंदी झालेल्या कामतांनी केलं: सुईला लोहचुंबकाचा गुण आणायचा आणि ती टिचबटणावर तोलून धरायची. "टिचबटन!" आजी दर वेळी नव्यानं हरखायची. "बग, शिवनकाम येत असलं की कुटंबी भागतंय." पायलटच्या जी-सूटमध्ये हवा भरायच्या रबरी पिशव्या असतात, त्या पाणी न्यायला काढल्या. आणि नकाशासाठी शाळकरी पोरांचा अ‍ॅटलास.

भारताची हद्द तशी जवळ होती. पण तिकडे दोन्ही बाजूंचं सैन्य, सुरुंग, गस्त. म्हणून उलट्या दिशेला, पश्चिमेला जायचं ठरलं: पेशावर, खैबरखिंड, अफगाणिस्तान. बरोबर फ्लाइट लेफ्टनंट मलविंदर सिंग गरेवाल आणि फ्लाइंग ऑफिसर हरीश सिंहजी. नावंही ठरली. गरेवाल झाले अली अमीर. सिंहजी झाले हॅरल्ड जेकब, धंद्यानं ड्रम वाजवणारे. आणि पारुळकर झाले फिलिप पीटर. "दिलीपचा फिलिप," मामा म्हणायचा. "झोपेत कुणी हाक मारली तरी माणूस फसायला नको."

१२ ऑगस्टची रात्र, शनिवारची. वादळ सुटलेलं. तिघं भोकातून बाहेर पडले, भिंत ओलांडून रस्त्यावर आले, तर नेमका सिनेमाचा खेळ सुटलेला. माणसांचा लोंढा घरी चाललेला. हे तिघं त्या गर्दीत मिसळले. मामा इथे उठून उभा राहायचा आणि गर्दीत चालणारा माणूस कसा चालतो ते करून दाखवायचा: ना घाई, ना रेंगाळणं, एक हात खिशात. मग बसनं पेशावर. मग टांगा. मग जमरूदवरून लंडीकोतलला जाणाऱ्या बसच्या टपावर, खिंडीतले उघडे डोंगर आजूबाजूला, वारा तोंडावर. सकाळचे साडेनऊ. समोर चार-पाच मैलांवर सरहद्द.

"...आणि बस चाललीय," मामा म्हणायचा आणि थांबायचा.

आजी विचारायची, "मग? पोचले का घरी?"

"पोचले."

"बरं झालं." ती वातींचं ताट उचलायची. गोष्ट संपली.

पुढे मी पुण्याला शिकायला आले. एकदा वाचनालयात त्या सुटकेबद्दलचा लेख हाती पडला, उभ्याउभ्याच वाचला आणि पहिल्यांदा कळलं, की ती बस पोचली खरी, माणसं पोचली नाहीत.

झालं ते असं. त्यांच्या अ‍ॅटलासमध्ये रेल्वेची रेघ लंडीकोतलच्याही पुढे, सरहद्दीला भिडणाऱ्या लंडीखाना नावाच्या स्टेशनापर्यंत गेलेली होती. खैबर रेल्वे म्हणजे इंग्रजांच्या हट्टाचा नमुना: चौतीस बोगदे, ब्याण्णव पूल. १९२५ मध्ये ती लंडीकोतलपर्यंत आली, १९२६ मध्ये लंडीखान्यापर्यंत. पण हा शेवटचा तुकडा १९३२ मध्येच बंद झाला. चाळीस वर्षं तिथे गाडी जात नव्हती. नकाशात मात्र स्टेशन जिवंत होतं. तिघांनी चहाच्या दुकानात चौकशी केली, लंडीखाना किती लांब? तिथल्या माणसाला हा प्रश्न पुरेसा होता. लंडीखान्याला जायचंय असं इथला माणूस म्हणेलच कशाला? त्या दिवसांत पश्चिम पाकिस्तानात अडकलेले बंगाली याच वाटेनं अफगाणिस्तानात सटकत होते. हे तिघं तसलेच वाटले. त्यांना तहसील कचेरीत नेलं. बनावट नावं, बनावट गोष्ट, सगळं सांगून झालं, पण विश्वास बसेना. त्या डोंगरी मुलखात संशयिताचं काय होईल याचा भरवसा नव्हता.

तेव्हा पारुळकरांनी शेवटचा फासा टाकला. एक फोन करू द्या म्हणाले. फोन लागला उस्मान हमीदना, त्याच केकवाल्या उस्मान हमीदना. ते तोवर पाकिस्तानी हवाई दलप्रमुखांचे एडीसी झाले होते. त्यांनी पलीकडून सांगितलं, ही माझी माणसं आहेत, त्यांना धक्का लावू नका. तिघांचे जीव वाचले. मग राजकीय अधिकारी मेजर बर्की यांच्यापुढे त्यांनी खरी ओळख सांगितली.

जिनिव्हा कराराचं कलम मी नंतर वाचलं. युद्धकैद्यानं पळायचा प्रयत्न करणं हा गुन्हा नव्हे. पुन्हा पकडला गेला तर फक्त शिस्तभंगाची शिक्षा, तीही तीस दिवसांच्या आत. कागदावर सगळं स्वच्छ आहे. पण करार लंडीकोतलच्या तहसील कचेरीत आपोआप उगवत नाही. तिथे तो पाळणारा कुणीतरी फोनच्या पलीकडे असावा लागतो. तिघांना परत नेलं, नंतर लायलपूरच्या तुरुंगात ठेवलं आणि १ डिसेंबर १९७२ रोजी बाकीच्या कैद्यांबरोबर वाघ्याला आपल्या हद्दीत सोडलं. पारुळकरांना पुढे विशिष्ट सेवा पदकही मिळालं. ग्रुप कॅप्टनच्या हुद्द्यापर्यंत जाऊन ते निवृत्त झाले आणि पुण्याला येऊन राहिले.

सुट्टीत गावी गेल्या गेल्या मी मामाला गाठलं. तो गोठ्यात धार काढत होता. "तू आम्हाला खोटं सांगितलंस," मी म्हणाले. "ते पकडले गेले होते."

त्यानं चरवीतून मान वर केली नाही. "मी कधी म्हटलं, सरहद्द ओलांडली?"

"तू म्हणालास, पोचले."

"म्हातारी काय विचारायची? घरी पोचले का. पोचलेच की. वाघ्यावरनं पोचले, एवढंच."

मला ही पळवाट वाटली. बसच्या टपावर गोष्ट थांबवायची आणि मधले साडेतीन महिने, तुरुंग, फोन सगळं गाळायचं, ही चलाखी झाली. मी तसं बोललेही. मामानं चरवी बाजूला ठेवली आणि गाईच्या पाठीवरून हात फिरवला. "तू पायलटाची गोष्ट वाचलीस," तो म्हणाला. "मी ती विमानाखालनं बघितलीय. खालच्याला वरचं काय दिसतंय? गेलं ते दिसतं. आलं तर दिसतं. मधलं आपल्याला कोण सांगतंय?"

त्या वेळी हे वाक्य मी ऐकलं आणि सोडून दिलं. त्याचा उलगडा पुढे, आजी गेल्यावर झाला.

आजीच्या दहाव्याला सगळे नातेवाईक जमले होते. रात्री कुणीतरी एकाहत्तरच्या हिवाळ्याचा विषय काढला. थोरल्या मावशीनं सांगितलं, त्या पंधरवड्यात आजीनं तारवाल्याच्या भीतीनं दार लावून ठेवलं होतं. तारवाला सायकलवरून वाड्यासमोरून नुसता गेला तरी ती चुलीपुढून उठायची नाही. मामाची पत्रं यायची ती छप्पन्न एपीओच्या शिक्क्याची. तो कुठे आहे ते त्यात लिहायला परवानगी नाही. शाळामास्तर वाचून दाखवायचे: मी बरा आहे, इकडे थंडी फार आहे. आजी ते पत्र पदराच्या गाठीला बांधून फिरायची. थंडी आहे म्हणजे पोरगं वरच्या अंगाला आहे, एवढा भूगोल तिनं त्यावरून काढला होता.

मामा ऐकत होता. मग उठला, ट्रंक उघडली आणि पट्टी घेऊन आला. ती मांडीवर ठेवून त्यानं जे सांगितलं ते आम्ही कुणी त्याआधी ऐकलं नव्हतं.

युद्धाचा एक दिवस. दुपारी आमची चार गेली, तो म्हणाला. मी खोळ काढली, पिना वर करून दाखवल्या. त्यानं मान हलवली. पोरगाच होता, माझ्याहून लहान. हसला. चाळीस-पन्नास मिनिटांचं काम; सुखोईला तेलच तेवढं. एक आलं, दुसरं आलं. मग तिसरं. आपण त्या जागी उभं राहायचं, चाकाला लावायच्या ठोकळ्या पायाशी तयार. तेल किती होतं ते आपल्याला पाठ, घड्याळ हातात, म्हणजे कधीपर्यंत वाट बघायची तेही ठाऊक. ती वेळ टळली तरी हलायचं नाही मन. दुसऱ्या तळावर उतरला असंल, म्हणायचं. अंधार पडला, ब्लॅकआउट, कुणी दिवा लावायचा नाही. सार्जंट येऊन म्हणाला, चल, दुसऱ्या विमानाचं चाक बदलायचंय. मी खोळ खिशात घातली. सकाळी स्टोअरवाल्याला म्हटलं, खोळ जमा करायचीय. तो म्हणाला, कशाची? विमानच हिशेबातून गेलं, खोळ कुठं लिहू?

"आणि तो?" मी विचारलं.

"माझ्यापर्यंत काही आलं नाही. पुढं माझी बदली झाली." मग थोड्या वेळानं, "आयेला मी हे सांगितलं न्हवतं. ती म्हटली असती, त्याच्या आयला कळवलं का."

तेव्हा मला ओट्यावरच्या त्या सगळ्या रात्री आठवल्या. वर्षानुवर्षं मामा परत आलेल्या पायलटाची गोष्ट सांगत होता, आणि तिच्या पोटात न आलेल्याची गोष्ट दडवलेली होती. आजी विचारायची ते पारुळकरांबद्दल नव्हतंच. तिला तिचं पोरगं पोचलं याची खात्री दर रात्री नव्यानं हवी असायची. आणि 'पोचले' म्हणताना मामा तिला उत्तर देत होता, पण डोळ्यांपुढे चौथी, रिकामी जागा होती.

अशा जागा त्या युद्धानं पुष्कळ ठेवल्या. फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे, तेही सुखोई-७ चेच पायलट, तेही मराठी. ५ डिसेंबर १९७१ रोजी शोरकोट रोडच्या तळावर चढाई करताना त्यांचं विमान पडलं. ढाक्याच्या एका इंग्रजी वर्तमानपत्रात पकडलेल्या भारतीय वैमानिकांच्या यादीत त्यांच्या नावासारखं नाव छापून आलं होतं. पण वाघ्यावरून कैदी परतले त्यांत तांबे नव्हते. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे राष्ट्रीय बॅडमिंटनपटू, अर्जुन पुरस्कार मिळालेल्या. लग्नाला दोन वर्षंही झालेली नव्हती. त्यानंतर त्यांनी दशकांमागून दशकं कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले. २००७ मध्ये बेपत्ता जवानांचे नातेवाईक पाकिस्तानातल्या तुरुंगांतून शोध घेऊन आले; हाती काही लागलं नाही. बेपत्ता म्हणून गणलेल्यांची यादी चोपन्न नावांची आहे. लालफीत हा शब्द मला लहानपणी विनोदी वाटला होता, पण या फायलींवर बांधलेली फीत अजून सुटलेली नाही.

आता मामा ऐंशीच्या पुढे आहे आणि पुण्यात माझ्याकडे असतो. आमचं घर लोहगावच्या वाटेवर, चौथ्या मजल्यावर. विमानतळावरून हवाई दलाची विमानं उडतात तीही सुखोईच, पण नव्या पिढीची, दोन इंजिनांची. आवाज आला की शेजारची पोरं गच्चीत धावतात. मामा धावत नाही. तो खुर्चीतून बोटांवर मोजतो.

गेल्या वर्षी, २०२५ च्या ऑगस्टमधल्या एका सोमवारी सकाळी, मी त्याला पेपर वाचून दाखवत होते. आदल्या दिवशी, १० तारखेला, ग्रुप कॅप्टन पारुळकर गेले होते. बातमीत सगळं होतं: पासष्टमधला जखमी हात, रावळपिंडी, दोन्ही पदकं. मामानं शेवटपर्यंत ऐकलं. "पुण्यातच होते म्हणजे," तो म्हणाला. "इतकी वर्षं." एकाच शहरात राहून तो त्यांना कधी भेटला नव्हता. मी विचारलं, भेटावंसं नव्हतं वाटलं? "काय सांगायचं होतं मी त्यांना? मी तर त्यांच्या विमानाला हातसुद्धा लावला नव्हता." थोडं थांबून म्हणाला, "त्या २६ नंबरात कुणीतरी असंल बघ. त्यांची खोळ धरून उभा असलेला. डिसेंबरात गेलेलं, पुढच्या डिसेंबरात आलेलं. त्याला कळलं असंल तेव्हा काय वाटलं असंल?"

सुटका, भिंत, होकायंत्र यांवर लोकांनी लिहिलं आहे, चित्रपटही निघाला. त्या फिटरबद्दल कुणी लिहिलेलं माझ्या वाचनात नाही.

तेवढ्यात लोहगावकडून आवाज आला. खिडकीची तावदानं थरथरली. एक गेलं. पाठोपाठ दुसरं. मामानं दोन बोटं मिटली आणि मांडीवर ठेवली. मी चहा आणून दिला, तो बाजूला तसाच राहिला. त्यावर साय धरली. मी दुसऱ्या खोलीत कामाला बसले. तास होऊन गेला असेल. पुन्हा गडगडाट आला, उतरणीचा, थोडा मऊ. थोड्या वेळानं आणखी एक.

"दोन्ही आली," मामानं आतल्या खोलीकडे तोंड करून सांगितलं. मग म्हणाला, चहा गार झालाय, दुसरा टाक.